मे महिन्यातल्या शिबिरासाठी न्हाणीघर विजेशिवाय गार कसं ठेवायचं?

आर्वीजवळ मे महिन्यात ८० मुला-मुलींचं शिबिर, विजेचा भरवसा नाही आणि न्हाणीघर गार हवं, असं तुम्ही विचारलंय. मी वर्धा जिल्ह्यात बांधकामं करतो, म्हणून सांगतो: आधी पाण्याचं बघा, भिंतींचं नंतर.

शिबिरासाठी पहिलं न्हाणीघर मी बांधलं, तेव्हा छत टिनाचं होतं आणि त्यावर काळी प्लास्टिकची टाकी. श्रमदान आटोपून पोरं पाचच्या सुमारास आंघोळीला आली. एका मुलीनं पहिला मग खांद्यावर ओतला आणि किंचाळलीच. खांदा लालबुंद झाला होता. सकाळी बोअरमधून गार निघालेलं पाणी दिवसभर आम्हीच तापवलं होतं. त्यानंतर मी छतावर टाकी ठेवलेली नाही.

त्याऐवजी उत्तरेच्या भिंतीला लागून, छताच्याच सावलीत विटांचा हौद बांधा. आतून सात फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल. माणशी २५ लिटर धरले तरी २,००० लिटर लागतात, तेवढं त्यात आरामात मावतं. तळ जमिनीपासून दोन फूट उंच ठेवा, म्हणजे तोटीखाली बादली बसते. वीज असेल तेव्हा, शक्यतो रात्री, भरून घ्या. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात, आणि आठवड्याला रिकामा करून घासायचा. पाइपही उन्हात उघडा सोडू नका.

आता छत. मेच्या चौथ्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. सगळा मार छतालाच. म्हणून टिन नको. बांबूवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, घाला. आणि हे छत भिंतींवर टेकवू नका. भिंती सात फुटांवर थांबवा, खांब दहा फुटांपर्यंत न्या, मधली जागा मोकळी. गरम हवा तिथून निघून जाते. आपला उन्हाळा कोरडा आहे, त्यामुळे ओल्या फरशीवरून वारा फिरला की पाण्याची वाफ होते आणि गारवा येतो. बंद न्हाणीत मात्र नुसती घुसमट होते. वर मोकळं म्हटलं की मुलींना संकोच वाटतो, आणि तो रास्तच आहे. त्यांच्या बाजूला त्या मोकळ्या जागेत विटांची जाळी बसवा, दार वेगळं ठेवा आणि त्यापुढे आडभिंत घ्या.

इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे उतरतं ऊन मुख्यतः पश्चिमेच्या आखूड भिंतीवर येतं. त्या भिंतीबाहेर यंदा पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, तट्टा उभा करा. सांडपाणी नालीनं दहा-बारा फूट दूर नेऊन तिथे केळी लावा, पुढच्या वर्षी सावली त्याच देतील.

गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातलं पहिलं घर, आदी निवास, १९३६ सालचं, माती-बांबूचं. ते पाहून बरेच जण मातीच्याच भिंती मागतात. मलाही त्या आवडतात, पण रोज पाणी उडतं तिथे माती टिकत नाही. खालचे चार फूट तरी पक्की वीट आणि गिलावा हवाच.

पाया बांधताना कंजुषी मुळीच करू नका. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते, आणि न्हाणीघर म्हणजे रोजचं पाणी. पाया मुरमापर्यंत न्या, सभोवती तीन फूट कोबा करा, उतार बाहेरच्या बाजूला. तुमच्या जागेत मुरूम किती खोल लागतो ते जवळच्या विहीर खोदणाऱ्याला विचारून घ्या, मगच खर्चाचा अंदाज काढा.