विज्ञानकथा वाचून झाल्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कर्वेनगरला आमचा आठ-दहा जणांचा वाचनकट्टा आहे. महिन्याला एक विज्ञानकथा वाचतो, पण चर्चा दहा मिनिटांत आटोपते. ‘कल्पना भारी’, ‘शेवट पटला नाही’, की झालं. चर्चा रंगावी म्हणून काय करता येईल?

‘भारी’, ‘पटलं नाही’ हे शेरे कथा संपल्यावरचे. वाचताना मनात काय काय झालं ते तोवर पुसलं गेलेलं असतं, म्हणून ते वाचतानाच टिपायला हवं. कथेच्या झेरॉक्स काढताना डावीकडे दोन-तीन बोटं समास राहू द्या आणि लेखकाचं नाव कागदाच्या पट्टीनं झाका. नावाचं दडपण असतंच. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती आपली आद्याक्षरं उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. बक्षीस जगतापांना मिळालं.

कथा घरी, एका बैठकीत, हातात पेन्सिल घेऊन वाचायची. खुणा तीनच : अडखळलात तिथे प्रश्नचिन्ह, हे जग आपलं नाही असं जिथे जाणवलं तिथे उभी रेघ, आणि शेवट ओळखला तिथे फुली. फुली त्याच क्षणी मारा, कारण ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणणारे नंतर फार निघतात. कट्ट्यावर पहिली वीस मिनिटं मत द्यायला बंदी. कुणाची खूण कुठल्या परिच्छेदाला आहे एवढंच सांगायचं. एकाच वाक्यावर पाच जणांची प्रश्नचिन्हं आली तर लेखकाचं सांगणं तिथे गडबडलंय. पाच जणांची पाच ठिकाणी आली तर कुणाला भौतिकी नवी असते, कुणाला त्या काळचा इतिहास. त्यासाठी लेखकाला धरू नका.

मग प्रत्येकानं कथेची कल्पना ‘समजा…’ने सुरू होणाऱ्या एका वाक्यात लिहायची. लेखकाला एक ‘समजा’ माफ. पहिल्यातून निघालेली अडचण बुजवायला दुसरा आणावा लागला, तर कथेची शिवण तिथेच उसवते. नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या (अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ती संक्षेपात आहे, मुलं सहज शोधून देतील). समजा, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी त्यांच्या कानाजवळून निसटली. बस्स, एवढंच. बाकी सगळं यातून ओघानं येतं : मराठे जिंकतात, ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा तुकड्यांपुरती उरते, पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान जिजामाता एक्स्प्रेस धावते. उभ्या रेघा कुठे पडतात ते बघण्यासारखं आहे. बऱ्याच जणांची रेघ गाडीच्या नावावर पडेल, पण आपल्या जगातून तिथे जाऊन पडलेले गंगाधरपंत, म्हणजे प्राध्यापक गायतोंडे, मुंबईत फोर्ब्स कंपनीच्या इमारतीत स्वतःच्या मुलाची चौकशी करतात आणि त्या नावाचं तिथे कुणीच नसतं, ती जागा जास्त मोलाची. इतिहास बदलला तर घराण्यांच्या वंशावळीही बदलणार, हे लेखकानं न बोलता दाखवलंय. आणि नेमकं तिथेच विचारता येतं : मुलगा नाही, मग आगगाडीचा मार्ग आणि लोणावळ्याचा थांबा तेवढे जसेच्या तसे कसे? यावर अर्धा तास सहज जातो.

एक पथ्य पाळा. कट्ट्यावर कुणी भौतिकीचे प्राध्यापक असतील तर त्यांना शेवटी बोलू द्या. ते आधी बोलले की बाकीचे वह्या मिटतात.

प्रश्न : ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत वस्तू आरशातल्यासारखी उलटी होते. हे मुलांना करून दाखवता येईल का? आणि माणूस खरोखर असा उलटला तर त्याला काय त्रास होईल?

दाखवता येतं. फाइलच्या पारदर्शक प्लॅस्टिकची ३० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद पट्टी कापा. एक टोक अर्धा पीळ, म्हणजे १८० अंश, फिरवून दुसऱ्याला जोडा आणि चिकटपट्टी पूर्ण रुंदीभर लावा. ही मोबियसची पट्टी. त्याच प्लॅस्टिकचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यावर सीडीवर लिहितात त्या मार्करनं उजवीकडे वळलेली सोंड काढा. तशीच सोंड पट्टीवर एका जागी काढा. आता तुकडा पट्टीला चिकटवूनच, न उचलता, सरकवत पूर्ण फेरी घाला. मूळ जागी आल्यावर आरपार बघितलं की सोंड डावीकडे. आणखी एक फेरी घातली की पुन्हा उजवीकडे.

फसतं ते ठरावीक कारणांनी. कागदाची पट्टी घेतली तर चित्र ‘मागच्या बाजूला गेलं’ एवढंच मुलं म्हणतात. खऱ्या मोबियस पृष्ठाला जाडी नसते, हे प्लॅस्टिकमुळे पटतं. पूर्ण पीळ दिला तर काहीच उलटत नाही. पट्टी १० सेंमीची घेतली तर पिळाला घडी पडते आणि तुकडा अडकतो. आणि गोल किंवा चांदणी काढू नका, उलटूनही ती तशीच दिसते.

आता माणूस. हृदय उजवीकडे गेलं, लिखाण उलटं दिसू लागलं, हे किरकोळ. खरी पंचाईत जेवणात आहे. आपली प्रथिनं डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची आणि अन्नातल्या मुख्य शर्करा उजव्या वळणाच्या. उलटलेल्या माणसाच्या पोटातली विकरं, म्हणजे अन्न फोडणारी एन्झाइम्स, उलटी. पोळी-वरण त्याच्यासमोर येईल, पण डाळीतली प्रथिनं आणि पोळीतला स्टार्च त्याला फोडता येणार नाहीत. क जीवनसत्त्वही कामाचं राहणार नाही. पाणी, मीठ आणि ग्लायसिन हे एकटं अमिनो आम्ल मात्र चालेल, कारण त्यांना डावं-उजवं नसतं. दारूलाही नसतं, हे कट्ट्यावर कुणी ना कुणी विचारणारच म्हणून सांगून ठेवतो. वासाची गंमत वेगळी : पुदिन्यातला आणि बाळंतशेपेतला कार्व्होन (वास देणारा पदार्थ) हे एकमेकांचे आरशातले जुळे. उलटलेल्या माणसाला पुदिन्याच्या चटणीला बाळंतशेपेचा वास येईल. अशी कथा वाचताना तो माणूस तिसऱ्या दिवशी काय खातो, हे लेखकाला विचारा. सगळ्या कथा या प्रश्नाला टिकत नाहीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कथास्पर्धेत एका कथेचा नायक जवळच्या ताऱ्यावर जाऊन येतो आणि घरी सगळे म्हातारे झालेले असतात. मी परीक्षक आहे. हे शास्त्राला धरून आहे का, कसं तपासू?

फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरे. यानाचा वेग प्रकाशाच्या किती पट हे कथेत शोधा. त्याचा वर्ग १मधून वजा करा आणि वर्गमूळ काढा. ०.८ पटीला : ०.६४, मग ०.३६, मग ०.६. म्हणजे पृथ्वीवर १० वर्षं गेली की यानात ६. प्रॉक्सिमा हा सूर्याला सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. जाऊन-येऊन पृथ्वीवर १०.६ वर्षं, नायकाची साधारण सहा वर्षं चार महिने. बायको म्हातारी होणार नाही, धाकटा मात्र बारावीला गेलेला असेल. पृथ्वीइतक्या त्वरणानं हा वेग गाठायलाच पृथ्वीच्या घड्याळानं सव्वा वर्षाहून जास्त लागतं, ते यात धरलेलं नाही.

नवे लेखक इथे फसतात : वेग ०.१ पट लिहितात आणि फरक दशकांचा दाखवतात. ०.१ला गुणक ०.९९५ येतो, म्हणजे वर्षाला जेमतेम १.८ दिवसांचा फरक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मंगळाशी फोनवर गप्पा. संदेशाला एका बाजूनं ३ ते २२ मिनिटं लागतात. ‘हॅलो’ला उत्तर यायला चहा होतो.

गुण किती कापायचे? आकडा चुकला आणि दुरुस्त करूनही कथा उभी राहात असेल तर एखादाच. आकडा दुरुस्त केल्यावर कथाच उरत नसेल, तर पहिलं बक्षीस देऊ नका. भाषा कितीही गोड असो.

प्रश्न : जुन्या विज्ञानकथा कुठे मिळतील?

‘नवल’ आणि ‘धनंजय’चे जुने दिवाळी अंक आधी बघा. पुणे नगर वाचन मंदिरात (स्थापना १८४८) आणि पुणे मराठी ग्रंथालयात (१९११) चौकशी करा. रद्दीवाले आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे जुन्या पुस्तकांचे विक्रेतेही पालथे घाला. अनुक्रमणिकेत ‘विज्ञानकथा’ असं प्रत्येक वेळी लिहिलेलं नसतं. गूढकथा आणि रहस्यकथांतही डोकवा. अंकाची पहिली-शेवटची पानं गळालेली असतात. कथा ‘पुढे चालू पान अमुक’ अशी तुटलेली असेल तर ते पान आहे का, हे पैसे देण्याआधी उघडून पाहा.