मनीषनगरला फ्लॅटमध्ये १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. संध्याकाळी नेट रडतं, मधेच तुटतं. राउटर बदलू का?

एवढ्यात बदलू नका. आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड मोजा. ९०च्या वर मिळाला तर लाइन ठीक, घोळ वायफायचा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर अख्ख्या बिल्डिंगची गर्दी असते. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर टाका, फक्त भिंतीपलीकडे हा सिग्नल लवकर दम टाकतो. आणि हो, राउटर कूलरजवळ आहे का? आपल्याकडे उन्हाळ्यात हे हमखास असतं. पत्र्याची बॉडी आणि टाकीतलं पाणी, दोन्ही सिग्नल अडवतात.

केबलवरही रडत असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणारी कमांड) सतत चालू ठेवा: एकीत राउटरचा पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१), दुसरीत ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर). पहिला स्थिर आणि दुसरा अडखळतोय, म्हणजे दोष बहुधा कंपनीकडे. मग राउटरच्या पेजवर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं) ऑप्टिकल आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. उणे २० डीबीएमच्या आसपास उत्तम. उणे २७ किंवा त्याखाली (उणे २८, उणे २९) असेल तर बहुधा वायर कुठेतरी दुमडली आहे किंवा जोड खराब आहे. लाइनमनला हाच आकडा सांगा, नाहीतर तो "रिस्टार्ट करा" म्हणून फोन ठेवतो. पॉवर चांगली असून फक्त रात्री आठ ते अकरा त्रास असेल, तर कंपनीने एका लाइनवर जास्त गिऱ्हाइकं कोंबली असण्याची शक्यता मोठी. तिथे नवा राउटर काही करू शकत नाही.