पहाटेच नळ का उसळतो?

प्रश्न: आमचा टॉवर ३२ मजली, खाली दुकानं-ऑफिसं, वर घरं. आम्ही अकराव्या मजल्यावर. दिवसभर पाणी बेताच्या जोरानं येतं, पण पहाटे पहिला नळ उघडला की अंगावर उसळतं. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्हही ठिबकतो. प्लंबर म्हणतो, गिझर बदला. बदलावा का?

उत्तर: इतक्यात नको, आधी दाब मोजा. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार दाब वाढतो (प्लंबर ‘किलो’ म्हणतात, तेच धरा). तुम्ही २१ मजले खाली, म्हणजे मधे काही नसतं तर नळावर ६ बारच्या वर दाब आला असता. तो २-३ बारवर आणायला शाफ्टमध्ये पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवलेला असतो. पाणी वाहतं तोवर त्याची खोड कळत नाही. रात्री सगळ्यांचे नळ बंद झाले की त्यानं घट्ट मिटायला हवं. सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती जागा) गंजाचा कण अडकला किंवा तिथलं रबर झिजलं की पाणी झिरपत राहतं आणि दाब चढत जातो.

वॉशिंग मशीनच्या नळाला ०-१० बारचा गेज लावा. गिझर बंद करून त्याचा इनलेट कॉकही (पाणी आत येतं तो) बंद करा, नाहीतर तापून फुगलेल्या पाण्याचाच दाब मोजाल. दुसरा नळ चालू ठेवून आकडा बघा, मग तो बंद करून गेज रात्रभर राहू द्या. रात्री २.५ बार आणि सकाळी ५ बार दिसले तर दोष पीआरव्हीचा, नाहीतर त्याच्या बायपासचा (त्याला वळसा घालून जाणारी पाइपलाइन). दुरुस्तीत उघडलेला बायपास नीट बंद न होणं हे नेहमीचंच, म्हणून आधी तोच बघायला सांगा. नंतर गाळणी साफ करून सीटचं रबर बदलायचं. पीआरव्हीचा दाब ठरवणारा बोल्ट ढिला करून दाब उतरवण्याचा शॉर्टकट मात्र नको: गळकी सीट रात्री दाब चढवतेच, आणि दिवसा त्याच झोनमधल्या (एकाच पीआरव्हीवरच्या) वरच्या मजल्यांच्या शॉवरचा जोर जातो.

प्रश्न: तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटचा वास सतराव्या मजल्यावर कसा येतो?

उत्तर: बहुधा लिफ्टच्या शाफ्टमधून. बाहेर गारवा असला की इमारतीतली ऊबदार हवा वर चढते आणि खालची ओढून घेते. लिफ्टच्या दाराच्या फटीशी टिश्यू धरा. तो तुमच्याकडे फडफडला तर वाट तीच. उपाय खालीच आहे: लिफ्ट लॉबीचं दार आपोआप बंद व्हायला हवं आणि किचनच्या एक्झॉस्टचे तेलकट फिल्टर धुतलेले हवेत. वास फक्त बाथरूममध्ये असेल तर नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखालचा पाणी साठवून वास अडवणारा भाग) तांब्याभर पाणी ओता. न वापरलेला ट्रॅप सुकलेला असतो.