अमेरिकी गायिका डॉली पार्टनचा 'द ग्रास इज ब्लू' हा अल्बम ऐकतोय, पण ब्लूग्रासची, म्हणजे अमेरिकेतल्या त्या तारवाद्यांच्या लोकढंगाच्या संगीताची, सगळी गाणी सारखीच वाटतात. नेमकं काय ऐकावं?

सारखी वाटतात, कारण कान बँजोलाच चिकटून बसतो. उजव्या हाताच्या तीन बोटांना नख्या, पाच तारा आणि स्वरांचा न थांबणारा झरा. त्यातली आखूड पाचवी तार तंबोऱ्यासारखी एकच वरचा स्वर पुन्हा पुन्हा देते. तिथे ताल शोधू नका, हरवाल.

इथे ड्रम नाहीत. चार मात्रा मोजा: 1 आणि 3 वर डबल बास, 2 आणि 4 वर मँडोलिनचा कोरडा 'चक्'. हा 'चक्' काढायला सगळ्या तारा बोटांनी दाबलेला कॉर्ड (एकदम वाजवलेले स्वर) लागतो. आघात झाला की बोटं सैल करायची, आवाज तिथेच मरतो. एक जरी तार मोकळी राहिली तरी ती घुमते आणि ताल गढूळ होतो. फोनच्या स्पीकरवर बास जवळजवळ गायब होतो, म्हणून हेडफोन घ्याच.

ताल सापडला की वादक वेगळे करा. कडव्यांच्या मध्ये एकेक जण पुढे येतो: सॅम बुशचं मँडोलिन, स्टुअर्ट डंकनचं फिडल (म्हणजे व्हायोलिनच), जिम मिल्सचा बँजो. तारेवर धातूची कांडी सरकवून ओढलेला, रडवेला आवाज आला की तो जेरी डग्लसचा डोब्रो, एक प्रकारची गिटार.

हा अल्बम 1999 चा. डॉलीचा जन्म 1946 चा, पूर्व टेनेसीच्या डोंगरातला, बारा भावंडांच्या घरातला. म्हणून गाणीही सगळी डोंगरातलीच असतील असं वाटतं, पण 'ट्रॅव्हलिन प्रेअर' पॉप गायक बिली जोएलचं आहे, 'ट्रेन, ट्रेन' ब्लॅकफूट या रॉक बँडचं. माझ्या मते अल्बमची खरी करामत हीच: गाणं कुठलंही असो, वाद्यमेळ आणि गळा त्याला गावाकडचं करून टाकतात. हे पटायला बिली जोएलचं मूळ गाणं आधी ऐका, मग डॉलीचं.

त्याच्या शेजारी 'सिल्व्हर डॅगर' लावा. हे खरंच पारंपरिक: आई हातात खंजीर घेऊन निजलेली, आणि मुलगी प्रियकराला परत पाठवतेय. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगार घरातल्या हेझल डिकन्सचं 'अ फ्यू ओल्ड मेमरीज'ही चुकवू नका.

शेवटचं 'आय ॲम रेडी' वाद्यांशिवाय आहे. दोनदा ऐका; दुसऱ्यांदा डॉलीला सोडून साथीच्या गळ्यांतला फक्त खालच्या सुरातला आवाज धरा. पुढे डॉलीचाच 2001 चा 'लिटल स्पॅरो', आणि मग ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याची 1946-47 ची ध्वनिमुद्रणं. तिथे बँजो अर्ल स्क्रग्जचा आहे.