आधी तिच्या वह्या माळ्यावरून खाली काढा

कांदिवलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीत ७८ टक्के. तिला ‘लेण्यांतली जुनी चित्रं वाचवायचं काम’ करायचंय. दर रविवारी ती कान्हेरीला जाऊन वहीत काहीबाही काढत बसते, म्हणून यांनी तिच्या चारही वह्या सीईटी होईपर्यंत माळ्यावर टाकल्यात. विचारतात, “कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल का? आणि हे खूळ तिच्या डोक्यातून कसं काढायचं?”

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. तिच्या मार्कांची मला काळजी वाटली नाही, माळ्यावरच्या वह्यांची वाटली.

तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की एका रविवारी तीन तास बसून तिनं ‘नुसती गटारं’ काढली. अहो, त्या पन्हळी आहेत. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि कितीतरी लेण्यांच्या दाराशी कातळात पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, खोदलेली आहे. डोंगरावर पडलेला पाऊस या पन्हळींवाटे पोढीत उतरायचा. त्या साठ्यावर भिक्षूंचा उन्हाळा निघायचा. रविवारी तिथे येणारी बहुतेक माणसं पन्हळ ओलांडून पुढे जातात. तुमची मुलगी थांबली, पाणी कुठून कुठे जातं ते तिनं पाहिलं आणि कागदावर उतरवलं. ही नजर कुठल्याही क्लासची फी भरून येत नाही. तिच्या वह्या तुम्ही रद्दीसारख्या वर टाकल्यात, याचं मला फार वाईट वाटलं. एवढ्या वयाच्या पोरीनं याचा अर्थ काय घ्यायचा?

तुमची भीती मला कळते. घरात एकच पगार, फ्लॅटचे हप्ते, धाकटा अजून आठवीत. पण ती भीती तिच्याशी बोला ना, वह्यांवर कशाला काढता?

आता तुमचं एक वाक्य: “या नादात तिचं सायन्स वाया जाईल.” इथे तुमचा पुरता गैरसमज झालाय. अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर काढलेली नाहीत. आधी मातीत भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द हा निळा दगड. हा गिलावा ओल धरतो, कीड त्यातले तंतू खाते, मग चित्राचा पापुद्रा सुटतो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामानं इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं वार्निश दिलं, आणि तेच पुढे पिवळं पडून काळवंडलं. ते काढायचं तर कुठल्या द्रावणात लाख विरघळेल आणि खालचा रंग मात्र हलणार नाही? हा प्रश्न केमिस्ट्रीचा आहे. तिचं सायन्स इथे रोज लागेल. तिलाही सांगा, हात चांगला आहे म्हणून भागणार नाही, ऑरगॅनिक केमिस्ट्री टाळता येणार नाही.

सीईटी देऊ द्या. कॉम्प्युटरची जागा अकरावीच्या टक्क्यांवर नाही, पर्सेंटाइलवर ठरते. पण मला विचाराल तर बीएस्सी केमिस्ट्री, मग एमएस्सी, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा किंवा संग्रहालयांतलं जतनाचं काम. इतिहासाकडेच ओढा निघाला तर पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय आहे, पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज. स्पष्टच सांगतो, जागा थोड्या असतात, बरीच कामं कंत्राटावर चालतात, सुरुवातीचा पगार आयटीच्या जवळपासही जात नाही. हे तिला आजच कळू द्या. पण कळल्यावरही ती ठाम राहिली, तर आडवे येऊ नका.

या रविवारी वह्या तिच्या हातात द्या आणि तिच्यासोबत कान्हेरीला जा. बॅटरी बरोबर ठेवा. ३४ क्रमांकाच्या लेण्यात छतावर बुद्धाचं अर्धवट राहिलेलं चित्र आहे, अगदी पुसट. ते तिला दाखवायला सांगा. हे वाचवायचं तर काय काय शिकावं लागेल, तेही तिलाच विचारा आणि मधे न बोलता ऐका. मग मला पुन्हा लिहा. ते पत्र मात्र तिच्या हातचं असू दे.