आयपीवरून मिळालेल्या होस्टनेमवर कितपत भरवसा ठेवावा?

तुमचा प्रश्न असा: पायथनच्या गेटहोस्टबायॲडर या फंक्शनने साइटवर आलेल्या आयपीचं (इंटरनेटवरच्या पत्त्याचं) नाव, म्हणजे होस्टनेम, काढलं, शेवटी ‘गूगलबॉट.कॉम’ दिसलं, तर तो गूगलचा साइट वाचणारा बॉट समजून त्याला साइटवरच्या बंधनांतून सूट द्यावी का? तेवढ्यावर देऊ नका. सोलापुरातल्या एका चादर-टॉवेलच्या ठोक व्यापाऱ्याची वेबसाइट मी सांभाळतो. तिथे मी अशीच सूट दिली होती, आणि कुणीतरी गूगलबॉटच्या नावाखाली सगळा कॅटलॉग दरांसकट उचलून नेला.

२०३.०.११३.७ चं नाव विचारलं की ७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा इथली पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) वाचली जाते. ही नोंद आयपी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या हातात असते आणि तो तिथे कुठलंही नाव लिहू शकतो. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, तरी बाहेरच्या मालावर ‘सोलापुरी’चं लेबल शिवता येतंच की! माल खरा का, हे इथल्या कारखान्यालाच विचारावं लागतं.

इथेही तसंच करायचं. मिळालेलं नाव गेटॲडरइन्फोला (नावावरून आयपी काढणाऱ्या फंक्शनला) द्या आणि येणाऱ्या सगळ्या पत्त्यांमध्ये मूळ आयपी आहे का ते पाहा. नुसता पहिला पत्ता पाहून थांबू नका. गूगलबॉट.कॉमच्या नोंदी गूगलच्याच हातात असल्यामुळे तोतया इथे अडकतो. गूगल स्वतःही हीच पद्धत सांगतं. तुलना मजकुराची नको, पायथनच्या आयपीॲड्रेस मॉड्यूलने करा, कारण आयपीव्ही६ चा (नव्या, लांब पद्धतीचा) एकच पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिता येतो.

नाव तपासताना आधीचा टिंबही धरा: ‘.गूगलबॉट.कॉम’. नाहीतर ‘नकलीगूगलबॉट.कॉम’ सहज पास होतं, कारण तिथे आयपीवरून नाव आणि नावावरून आयपी, अशा दोन्ही बाजूंच्या नोंदी तोतयाच्याच असतात.

आणखी एक खोच फार जणांच्या लक्षात येत नाही. पीटीआरमध्ये नावाच्या जागी ‘२०३.०.११३.७’ हाच आकडा लिहिलेला असला, तर गेटॲडरइन्फो डीएनएसला (नावं आणि आयपींच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेला) विचारतच नाही, तोच आकडा परत देतं आणि तुमची पडताळणी खोटीच यशस्वी होते. म्हणून आयपीसारखं दिसणारं नाव आधीच फेकून द्या. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअरही अशा नोंदीकडे दुर्लक्ष करतं.

हे सगळं प्रत्येक रिक्वेस्टला करू नका. नाव विचारणारा हा कॉल उत्तर येईपर्यंत अडून बसतो आणि सॉकेटचा टाइमआउट त्याला लागू होत नाही. लिनक्सवर साधारणपणे ५ सेकंदांची वाट, तीही २ वेळा. मी आता ही तपासणी वेगळ्या थ्रेडमध्ये करतो आणि निकाल दिवसभर कॅशमध्ये ठेवतो. टाइमआउट झाला तर मात्र त्या आयपीला लगेच खोटं ठरवत नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारतो.