एकाच मेजाभोवती बसताना

ख्रिस्तामध्ये प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. निवडणुकीनंतर तरुण संघातल्या मित्राशी बोलणे थांबले, आणि आता रविवारी उपासनेला जाण्याचीही इच्छा होत नाही, असे तू लिहिले आहेस. ‘ख्रिस्ती माणसाने राजकारणात पडू नये’ हा सल्ला तुला एव्हाना मिळालाच असेल. मी तो देणार नाही. जे कायदे गरिबाच्या ताटापर्यंत आणि परक्याच्या दारापर्यंत पोहोचतात, त्यांच्याविषयी शेजाऱ्यावर प्रीती करणाऱ्याने मत बाळगायचे नाही, हे मला कधीच पटलेले नाही.

बारा शिष्यांच्या यादीकडे जरा निरखून पाहा. तिच्यात रोमी व्यवस्थेच्या आश्रयाने वसुली करणारा मत्तय जकातदार आहे, आणि ज्याला शुभवर्तमान लिहिणारा लूक ‘जिलोत’ म्हणजे आवेशी म्हणतो तो शिमोनही आहे. त्या नावातच परक्या सत्तेविरुद्धच्या आवेशाची धग जाणवते. या दोघांचे कधी भांडण झाले का, झाले असल्यास ते कसे मिटले, याबद्दल शुभवर्तमाने एक शब्दही सांगत नाहीत. मला मात्र वाटते की वाटेतल्या मुक्कामांत त्यांची चांगलीच जुंपली असेल. प्रभूने दोघांनाही बोलावले आणि शेवटच्या रात्री दोघांचेही पाय धुतले.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. तुझ्याहून थोडा मोठा असताना आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बंधूशी मी अशाच कारणावरून आठ महिने बोललो नव्हतो. माझे मत बरोबर होते, असे मला आजही वाटते. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करताना, रांगेत द्राक्षारसाचे प्याले फिरत आले, आणि तबक माझ्या हाती द्यायला शेजारी नेमका तोच होता. त्याचा हात थरथरत होता आणि छोटे प्याले एकमेकांवर किणकिणत होते. ‘तुझ्यासाठी’ एवढेच तो पुटपुटला. मी तबक घेतले. त्याचे मत बदलले नाही, माझेही नाही; पण आठ महिने मी त्याच्या मताचाच तेवढा विचार केला होता, त्याच्या आजारी आईची एकदाही चौकशी केली नव्हती, हे मला तेव्हा उमगले.

याचा अर्थ ऐक्यासाठी तोंड मिटून बसावे, असा करू नकोस. 1934 च्या मे महिन्यात जर्मनीतल्या बार्मेन येथे काही प्रोटेस्टंट मंडळींनी एकत्र येऊन जाहीर केले की ख्रिस्त या देवाच्या एकमेव वचनाखेरीज दुसरी कोणतीही सत्ता देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळी मानणार नाही. हिटलरच्या राज्यात असे म्हणायला धैर्य लागत होते. तरीही त्या घोषणेत ज्यूंच्या छळाबद्दल अवाक्षर नव्हते, आणि तिचे मुख्य लेखक, धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांनी पुढे ही आपली चूक असल्याचे कबूल केले. म्हणून बोलण्यापूर्वी स्वतःला विचारत जा, की आपण आपल्या मंडळीच्या हक्कांसाठी बोलतो आहोत, की ज्याचा आवाज कुणी ऐकत नाही त्याच्यासाठीही?

प्रार्थनेचे म्हणशील, तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असे सांगितले आहे. ते राजे ख्रिस्ती नव्हते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तुला ज्या पुढाऱ्याचा संताप येतो त्याचे नाव घेऊन आठवडाभर प्रार्थना करून पाहा; मात्र ‘त्याला सद्बुद्धी दे’ एवढ्यावर थांबू नकोस, कारण ती बहुधा प्रार्थनेच्या रूपातली तक्रारच असते.

मोबाइलवर रात्री उशिरा उत्तरे लिहू नकोस, हेही सांगून ठेवतो. गेथशेमाने बागेत प्रभूला धरायला लोक आले, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने आवेशाने तलवार उपसली आणि महायाजकाच्या दासाचा कान कापला. तो कान प्रभूने स्पर्श करून बरा केल्याचे लूक सांगतो. पेत्राचा हेतू चांगला होता, इजा मात्र एका चाकराला झाली.

आता तुझ्या मित्राविषयी. त्याला वाद मिटवण्यासाठी लांबलचक मजकूर पाठवू नकोस. त्याचे वडील रुग्णालयात आहेत, असे तूच ओझरते लिहिले आहेस. उद्या संध्याकाळी तिथे जा. राजकारणाचा विषय त्यानेच काढला तर तुझे मत न बदलता, पण आवाज खाली ठेवून सांग. नाही काढला तर नुसता बसून राहा, आणि परतल्यावर त्यांची प्रकृती कशी आहे ते मला कळव.

तुझा,
प्रभूमध्ये थोरला बंधू